‘बसतंय की!’ म्हणजे नक्की काय? अलॉय, टायर साइज आणि ऑफसेटचा हिशेब

हा आपल्या अलॉयवाल्या एपिसोडचा लेखी मजकूर. ऐकताना आकडे डोक्यावरून गेले असं बऱ्याच जणांनी कळवलं, म्हणून हिशेबाचा भाग इथे जरा सावकाश मांडलाय. बाकी बोललो तसंच ठेवलंय, त्यामुळे भाषा थोडी घरगुती आहे, चालवून घ्या.

तर सुरुवात घाटातून.

मामाच्या मुलीचं लग्न होतं कोल्हापूरला. पुण्यातून पहाटे निघालो. पुढे मी आणि बाबा, मागे आई, ताई आणि भाऊजी. डिकीत आहेराच्या साड्या, बॅगा आणि आईने ‘वाटेत लागतं’ म्हणून घेतलेलं अर्धं स्वयंपाकघर. गाडीला आठच दिवसांपूर्वी नवीन अलॉय टाकलेले. सोळा इंची, गनमेटल, कडा मडगार्डच्या लाइनपर्यंत आलेल्या. फोटो किती काढले होते ते सांगत नाही.

कात्रज सोडलं तसं मागून अधूनमधून ‘खर्रर्र’ असा आवाज यायला लागला. मी गाण्याचा आवाज वाढवला. खंबाटकी चढताना प्रत्येक खड्ड्याला खर्रर्र. घाट उतरल्यावर बाबा म्हणाले, “काहीतरी जळतंय रे.” रबराचा वास. वाई फाट्याच्या अलीकडे एका पंक्चरवाल्याकडे थांबलो. पांढऱ्या मिशांचे, लुंगी नेसलेले काका. त्यांनी वाकून मागच्या टायरवर हात फिरवला आणि मला खाली बसायला लावलं. टायरची बाहेरची कड, म्हणजे खांदा म्हणतात तो भाग, सोलून निघाला होता. मडगार्डची आतली दुमडलेली पत्र्याची कड टायरला सुरीसारखी कापत होती.

काका म्हणाले, “पावनं, दिसाया झ्याक हाय. पर गाडीत मानसं बी बसत्यात न्हवं?”

ताई आणि भाऊजी तिथून एसटीने कोल्हापूरला गेले. वजन कमी केल्यावर आवाज थांबला, आणि आम्ही तिघं साठच्या स्पीडने कसेबसे लग्नाला पोहोचलो. ताई अजून प्रत्येक सणाला हे काढते.

आता मुद्दा असा की मी काही आंधळेपणाने अलॉय घेतले नव्हते. दुकानात मी विचारलं होतं, “माझ्या गाडीला बसतील ना?” आणि उत्तर आलं, “बसतंय की! बघा, चारही नट लागले.” मी मोबाइलवर टायर कॅल्क्युलेटरही उघडला होता. फरक तीन टक्क्यांच्या आत आहे असं त्याने हिरव्या रंगात दाखवलं. दुकानदार खोटं बोलला नाही आणि कॅल्क्युलेटरही चुकला नाही. फक्त मला जो प्रश्न विचारायचा होता तो दोघांनाही विचारलाच गेला नव्हता. तो प्रश्न कोणता, तेच आज सांगायचंय.

पण आधी टायरच्या अंगावरचे आकडे. ज्यांना येतात त्यांनी हा भाग सोडून पुढे जा.

माझी गाडी २०१९ ची हॅचबॅक. कंपनीचं नाव घेत नाही, नाहीतर सगळी चर्चा त्यावरच जाते. कंपनीतून आलेला टायर १८५/६५ आर १५. यात १८५ म्हणजे टायरची रुंदी, मिलिमीटरमध्ये. ६५ हा मिलिमीटर नाही, टक्का आहे. टायरच्या भिंतीची उंची रुंदीच्या ६५ टक्के. म्हणजे १८५ चे ६५ टक्के, १२०.२५ मिलिमीटर. आर म्हणजे रेडियल. १५ म्हणजे रिमचा व्यास, आणि हा इंचात. एकाच ओळीत मिलिमीटर, टक्के आणि इंच! ज्याने हे ठरवलं त्याला एकदा भेटायला आवडेल.

आता पूर्ण टायरची उंची काढायची. भिंत वर एकदा आणि खाली एकदा, म्हणजे दोनदा धरायची: २४०.५. त्यात रिम मिळवायचा. एक इंच म्हणजे २५.४ मिलिमीटर, म्हणून १५ इंच म्हणजे ३८१. बेरीज ६२१.५ मिलिमीटर. हा माझ्या गाडीचा मूळ आकडा. तुमच्या गाडीचा आत्ता काढून ठेवा, फोनच्या नोट्समध्ये. टायरची साइज ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर असते.

हाच आकडा कंपनी स्वतः कसा सांभाळते बघा. माझ्याच मॉडेलच्या खालच्या व्हेरियंटला १६५/८० आर १४ टायर येतो. हिशेब करा: १६५ चे ८० टक्के १३२, दुप्पट २६४, अधिक १४ इंचाचे ३५५.६. उत्तर ६१९.६. रिम एक इंचाने लहान, टायर २० मिलिमीटरने अरुंद, तरी उंचीतला फरक दोन मिलिमीटरसुद्धा नाही. कारण गिअर, स्पीडोमीटर, एबीएस, सगळ्यांचं गणित या उंचीवर बसवलेलं असतं. रिम मोठा केला की भिंत बारीक करायची आणि एकूण उंची तिथेच ठेवायची, एवढंच ते तत्त्व. १९५/५५ आर १६ केला तर ६२०.९ येतो. तोही चपखल.

माझ्या दुकानदाराने मात्र १९५ नाही, २०५/५५ आर १६ दिला. त्याची उंची ६३१.९. फरक १.७ टक्के. स्पीडोमीटर १०० दाखवत असेल तेव्हा गाडी नेहमीपेक्षा पावणेदोन किलोमीटर जास्त पळणार. हे काही जीवघेणं नाही. साधारण तीन टक्क्यांची मर्यादा सगळे पाळतात आणि मी तिच्या आत होतो. पण एक गोष्ट लक्षात ठेवा, टायरची उंची १० मिलिमीटरने वाढली की टायरचा माथा ५ मिलिमीटरने मडगार्डच्या जवळ जातो. गाडी तेवढीच वरही उचलली जाते, पण मडगार्ड आणि टायर यांच्यातली फट काही त्याने वाढत नाही. ती ५ मिलिमीटरने कमीच होते.

आता खऱ्या खलनायकाकडे येऊ. ऑफसेट.

डिस्क, म्हणजे आपण ज्याला रिम किंवा अलॉय म्हणतो ते चाक, उभं कापलंय अशी कल्पना करा. त्याच्या रुंदीच्या बरोब्बर मधोमध एक रेघ मारा. आता जो सपाट भाग गाडीच्या हबला टेकतो, जिथे नटांची भोकं असतात, तो बघा. तो या रेघेवरच असेल तर ऑफसेट शून्य. तो भाग रेघेपासून बाहेरच्या बाजूला, रस्त्यावरच्या लोकांना दिसते त्या बाजूला असेल, तर ऑफसेट पॉझिटिव्ह. आपल्याकडच्या जवळजवळ सगळ्या पुढून ओढणाऱ्या गाड्यांचा ऑफसेट पॉझिटिव्ह असतो. डिस्कच्या मागे किंवा आरीच्या आतल्या बाजूला ‘ईटी ४५’ असं कोरलेलं दिसेल. हे ‘ईटी’ जर्मन शब्दाचं छोटं रूप आहे, आणि ४५ म्हणजे ती जागा मधल्या रेघेपासून ४५ मिलिमीटर बाहेर.

इथे लोक उलटं समजतात, मीही समजलो होतो. आकडा मोठा म्हणजे चाक बाहेर, असं वाटतं. तसं नाही. हब हलत नाही, तो गाडीला आहे. चिकटण्याची जागा चाकाच्या बाहेरच्या तोंडाकडे जितकी जास्त, तितकं उरलेलं चाक गाडीच्या आत जातं. म्हणजे ईटी वाढला की चाक आत, ईटी कमी झाला की चाक बाहेर. घरी बसून समजून घ्यायचं तर डब्याचं खोलगट झाकण घ्या आणि हाताची मूठ त्यात वेगवेगळ्या खोलीवर टेकवून बघा. मला तर तेव्हाच कळलं.

आता दुसरा आकडा, रिमची रुंदी. ‘७ जे’, ‘५.५ जे’ असं लिहितात. आकडा इंचात, आणि ‘जे’ हा रिमच्या कडेच्या आकाराचा प्रकार. रुंदी वाढली की ती दोन्ही बाजूंना निम्मी-निम्मी वाढते. म्हणून ऑफसेट एकटा बघून काही कळत नाही. रुंदी आणि ऑफसेट ही जोडी आहे.

माझी जुनी डिस्क ५.५ जे, ईटी ४५. नवीन ७ जे, ईटी ३५. दुकानात मला वाटलं, ऑफसेटमध्ये दहाचा तर फरक आहे, एक सेंटिमीटर. त्याने काय होतंय?

कागद-पेन घ्या.

जुनी: ५.५ इंच म्हणजे १३९.७ मिलिमीटर. निम्मे ६९.८५. चाकाची बाहेरची कड हबच्या तोंडापासून किती पुढे? निम्मी रुंदी वजा ऑफसेट. ६९.८५ वजा ४५, म्हणजे साधारण २५ मिलिमीटर.

नवीन: ७ इंच म्हणजे १७७.८. निम्मे ८८.९. वजा ३५, म्हणजे साधारण ५४ मिलिमीटर.

५४ वजा २५. चाकाची कड २९ मिलिमीटर बाहेर आली! मला एक सेंटिमीटर वाटत होता, निघाले जवळजवळ तीन.

आतली बाजू काढायला निम्मी रुंदी अधिक ऑफसेट करायचं. जुनी ११५, नवीन १२४. म्हणजे आतल्या बाजूलाही रिम शॉकअपच्या दिशेने ९ मिलिमीटर सरकला. ऑफसेट कमी करूनसुद्धा आत सरकला, कारण रुंदी वाढली होती.

टायर स्वतः रिमपेक्षा थोडा फुगीर असतो, त्यामुळे टायरच्या भिंतीचा हिशेब अगदी तोच येत नाही. १८५ चा २०५ झाला, म्हणजे प्रत्येक बाजूला १० मिलिमीटर वाढ, आणि ऑफसेटमुळे सगळं चाकच १० मिलिमीटर बाहेर. तर टायरची बाहेरची भिंत जवळपास २० मिलिमीटर बाहेर आली. वर सांगितलेले उंचीचे ५ मिलिमीटर वेगळे. हे सगळं गाडी रिकामी असताना दिसतच नाही. मी एकटा ऑफिसला जाताना आठ दिवस काही झालं नाही. मागे तीन माणसं आणि भरलेली डिकी आली, मागचा सस्पेन्शन बसला, आणि टायरचा खांदा थेट मडगार्डच्या दुमडलेल्या कडेखाली गेला. पहिल्या मोठ्या खड्ड्याला भेट.

मोबाइलच्या त्या कॅल्क्युलेटरमध्ये टायर साइज टाकायची सोय होती. ऑफसेट त्याने विचारलाच नव्हता. माझ्या मते सगळी गोम इथेच आहे. टायर साइज सांगते चाक केवढं आहे. चाक कुठे आहे ते ऑफसेट आणि रुंदी मिळून सांगतात. आपण सगळे पहिल्याच प्रश्नावर तासभर वाद घालतो.

काही कॅल्क्युलेटर ऑफसेटही घेतात, तेच वापरा. नाहीतर वरची दोन गणितं पुरेशी आहेत: निम्मी रुंदी वजा ऑफसेट म्हणजे बाहेर, निम्मी रुंदी अधिक ऑफसेट म्हणजे आत. मग नव्यातून जुनं वजा करा.

किती फरक चालतो? याला सगळ्या गाड्यांना लागू होईल असं एक उत्तर नाही, प्रत्येक गाडीच्या मडगार्डमध्ये जागा वेगळी. पण तुमच्या गाडीत आत्ता किती जागा आहे हे मोजता येतं. गाडीत चार-पाच मित्र बसवा. मडगार्डच्या कडेला दोऱ्याने एक नट बांधून ओळंबा सोडा आणि टायरची भिंत त्या दोऱ्यापासून किती आत आहे ते पट्टीने मोजा. आतल्या बाजूला टायर आणि शॉकअपमध्ये किती बोटं जातात ते बघा. माझ्या गाडीत पुढे आतल्या बाजूला जेमतेम एक बोट जात होतं.

डिस्कवर ईटी कोरलेलाच नसेल, जुनी किंवा सेकंडहँड असेल, तर? डिस्क दर्शनी बाजू खाली करून पोत्यावर ठेवा. वरच्या, म्हणजे मागच्या दोन्ही कडांवर आडवी सरळ पट्टी ठेवा. पट्टीपासून खाली हबला टेकणाऱ्या जागेपर्यंतचं अंतर मोजा. मग डिस्कची कडेपासून कडेपर्यंतची पूर्ण रुंदी मोजून निम्मी करा आणि त्या अंतरातून वजा करा. उरलं ते ऑफसेट. इथे कडेपासून कडेपर्यंत म्हणजे प्रत्यक्ष मापलेली रुंदी घ्यायची, ‘७ जे’ हा आकडा नाही, कारण तो आकडा टायर बसतो त्या आतल्या खाचांमधला असतो आणि पूर्ण डिस्क साधारण इंचभर जास्त भरते.

बरं, समजा मडगार्डला घासत नाही, मग कमी ऑफसेट चालेल का? थोडा चालतो, फार नाही. चाक बाहेर सरकलं की वजनाची रेघ हबच्या बेअरिंगपासून लांब जाते. बादली हात शरीराजवळ ठेवून धरा आणि मग हात लांब करून धरा, वजन तेच पण खांद्याला कळतं. बेअरिंगचंही तसंच, ती लवकर आवाज करायला लागते. दुसरं, स्टिअरिंग. कंपनीने स्टिअरिंग ज्या बिंदूभोवती फिरतं तो बिंदू आणि टायर रस्त्याला टेकतो ती जागा यांचं अंतर ठरवून ठेवलेलं असतं. ते बिघडलं की एक चाक खड्ड्यात किंवा चिखलात गेल्यावर स्टिअरिंग हातातून ओढलं जातं. पावसाळ्यात हे अनुभवायचं असेल तर आपल्याकडे रस्त्यांची कमी नाही. स्पेसर टाकणं हेही ऑफसेट कमी करणंच आहे. १५ चा स्पेसर टाकला की ईटी ४५ चा ईटी ३० झाला, बाकी काही जादू नाही.

आता बाकीच्या गोष्टी थोडक्यात, पण एकीवर थांबणार आहे.

पीसीडी सगळ्यांना माहीत असतो: किती नट आणि ते किती मिलिमीटरच्या वर्तुळावर. माझ्या गाडीचा ४ × १००. इथे एक सापळा आहे. ४ × ९८ चं चाक ४ × १०० च्या हबवर नट जोर लावून आवळून बसवलेलं मी पाहिलंय. एका बाजूला एक मिलिमीटरचा तर फरक! नट बसतात, पण तिरके बसतात, बोल्टवर सतत ताण राहतो आणि नट ढिले होतात. जवळचा पीसीडी अशी गोष्ट नसते. असतो किंवा नसतो. पाच नटांच्या गाड्यांमध्ये ११४.३ आणि १३९.७ असे विचित्र आकडे दिसतात, ते मुळात साडेचार आणि साडेपाच इंच आहेत, एवढंच.

थांबायचंय ते सेंटर बोअरवर. डिस्कच्या मधलं मोठं गोल भोक. माझ्या हबचा उंचवटा ५४.१ मिलिमीटर. बाहेरच्या अलॉयचं भोक बहुतेक वेळा ७३.१ असतं, म्हणजे एकच अलॉय अनेक गाड्यांना विकता येतो. मधे पोकळी राहते. चाक मधोमध बसवण्याचं काम मग फक्त नटांवर येतं. नट नीट, आळीपाळीने, चाक हवेत असताना आवळले तर चाक मधोमध येतंही. पण घाईत, न्यूमॅटिक गनने एकेक करून आवळले की चाक केसभर सरकून बसतं, आणि ८०-९० च्या स्पीडला स्टिअरिंग थरथरतं. माझं थरथरत होतं. तीन वेळा बॅलन्सिंग करून घेतलं, तिन्ही वेळा मशीनवर शून्य आलं, कारण मशीनवर चाक बरोबर मधोमध बसत होतं! गाडीवर बसत नव्हतं. उपाय काय, तर प्लास्टिकची किंवा अॅल्युमिनियमची हब रिंग, बाहेरून ७३.१ आणि आतून ५४.१. अलॉयच्या किमतीपुढे तिची किंमत काहीच नाही. ती वजन पेलत नाही, फक्त चाकाला मधोमध धरते. दुकानात अलॉय घेताना ती मागून घ्या, कोणी आपणहून देत नाही.

नटांचंही तसंच. काही कंपन्यांच्या मूळ डिस्कला गोलाकार बुडाचे नट लागतात आणि बाहेरच्या अलॉयला शंकूसारखे. आट्यांमध्येही फरक असतो, १२ × १.२५ आणि १२ × १.५ दिसायला सारखेच. नवीन नट घेतले असतील तर जुने फेकू नका, डिकीत स्टेपनीजवळ ठेवा. स्टेपनी अजून जुन्या लोखंडी डिस्कवरच आहे ना? रात्री दोन वाजता पंक्चर झाल्यावर माझी आठवण काढाल. आणि नवीन अलॉय बसवल्यावर शंभर एक किलोमीटर चालवून नट पान्याने पुन्हा एकदा तपासा, किती आवळायचे ते गाडीच्या मॅन्युअलमध्ये दिलेलं असतं.

लोड इंडेक्स. टायरवर साइजनंतर ‘८८ एच’ असं काही असतं. ८८ म्हणजे एका टायरची क्षमता ५६० किलो, ८७ म्हणजे ५४५, ८४ म्हणजे ५००. इंग्रजी ‘एच’ म्हणजे ताशी २१० किलोमीटरपर्यंत, ‘टी’ म्हणजे १९०. भिंत बारीक झाली की टायरमधली हवा कमी होते आणि बऱ्याचदा हा आकडा घसरतो. मघाशी १९५/५५ आर १६ ला मी चपखल म्हणालो ना? उंचीला चपखल आहे, पण तो साधारणपणे ८७ चा येतो. माझ्या १८५/६५ आर १५ ला ८८ होता. एका आकड्याने आभाळ कोसळत नाही, माझ्याच मॉडेलचा १४ इंची टायर ८५ चा आहे. तरी माझा नियम असा की तुमच्या व्हेरियंटच्या स्टिकरवर जो आकडा आहे त्याच्या खाली जायचं नाही. याच साइजमध्ये जादा भार पेलणारे, एक्सएल लिहिलेले टायर मिळतात, ते शोधा. आणि टायर त्या रिमला चालतो का तेही बघा. १८५/६५ आर १५ टायर ५ ते ६.५ जे रिमवर चालतो, ७ जे वर नाही. ताणून बसवलेले टायर रीलमध्ये भारी दिसतात, पण खड्ड्यात आपटल्यावर कडा सोडतात.

सतरा इंची घेऊ का, असं विचारणारे दर आठवड्याला दोघे तरी असतात. माझ्या गाडीला २०५/४५ आर १७ उंचीला बसतो, ६१६ मिलिमीटर. पण भिंत उरते ९२ मिलिमीटर, मूळच्या १२० मधून. खड्डा चुकला नाही की टायरला फुगा, नाहीतर अलॉयच्या कडेला वाक. तुम्ही राहता त्या रस्त्यावरून रोज जाऊन मग ठरवा. मी पुण्यात राहतो, मी ठरवलंय.

कायद्याचं विचारलं होतं एका श्रोत्याने, सांगलीहून. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ म्हणतं की कंपनीने मूळ ठरवलेल्या तपशिलांपेक्षा वेगळं होईल असा बदल गाडीत करायचा नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानेही ते कडकपणे वाचलंय. त्यामुळे सगळ्यात निर्धास्त रस्ता म्हणजे तुमच्याच मॉडेलच्या वरच्या व्हेरियंटला कंपनी जी साइज देते ती घेणं. मडगार्डच्या बाहेर आलेलं चाक पोलिसालाही दिसतं आणि इन्शुरन्सच्या सर्व्हेयरलाही. टायरवर आयएसआय मार्क बघा. अलॉयच्या मागे ‘जेडब्ल्यूएल’ असा शिक्का असेल तर तो जपानी ताकदीच्या चाचणीचा आहे. काहीच कोरलेलं नाही, ना ईटी, ना जे, ना वजनाची क्षमता, असा अलॉय कितीही स्वस्त असला तरी मी हात लावत नाही.

आता दुकानात करायचं काय? एकच आग्रह धरा. टायर चढवण्याआधी एक पुढचा आणि एक मागचा नुसता अलॉय गाडीला लावून बघा. ब्रेकच्या कॅलिपरला आतल्या काड्या घासतात का ते हाताने चाक फिरवून कळतं, कारण ऑफसेट बरोबर असूनही काड्यांच्या आकारामुळे घासू शकतं. मग टायर चढवून लॉकपर्यंत स्टिअरिंग दोन्हीकडे फिरवा. मग मागे तीन माणसं बसवा. दुकानातली पोरं बसतात हो, हसतात पण बसतात. त्यांच्यासकट समोरच्या स्पीडब्रेकरवरून एक चक्कर मारा. अलॉयला टायर चढवून नट आवळल्याच्या खुणा पडल्या की परत घेत नाहीत. मी परत करायला गेलो तेव्हा दुकानदाराने त्या खुणांवर बोट ठेवलं आणि म्हणाला, “वापरलेला माल आहे ना दादा.” बरोबरच होतं त्याचं, तरी राग आला.

मडगार्डची कड हातोडीने आत वळवून देतो, असंही तो म्हणाला होता. करतात लोक. पण रंग तडकतो, तिथून गंज धरतो, आणि पुढच्या बाजूचं शॉकअपजवळचं अंतर काही त्याने वाढत नाही. मी नाही म्हणालो. ते चार अलॉय आणि तीन बरे टायर विकले, जवळजवळ निम्म्या किमतीत. कापला गेलेला चौथा टायर विकला नाही. तो आमच्या बिल्डिंगच्या गच्चीवर आहे, त्यात आईने कोरफड लावलीय.

आता गाडीला १५ इंचीच अलॉय आहेत, ६ जे, ईटी ४५, आणि टायर तोच, १८५/६५ आर १५. हिशेब करून बघा: बाहेर सव्वासहा मिलिमीटरच्या आसपास, आत तेवढेच. हब रिंग लावल्यात. दिसायला आधीसारखे ‘भरलेले’ दिसत नाहीत हे मान्य. मागच्या महिन्यात ताई, भाऊजी, त्यांची दोन्ही मुलं आणि आई असे सगळे घेऊन महाबळेश्वरला जाऊन आलो. पसरणी घाटात ताईने मुद्दाम खिडकी खाली करून कान दिला. नंतर काही न बोलता काच वर केली.

तुमच्या गाडीच्या जुन्या डिस्कवरचे आकडे आणि तुम्ही बघताय त्या अलॉयचे आकडे, जे आणि ईटी दोन्ही, व्हॉइस मेसेजमध्ये पाठवा. पुढच्या एपिसोडमध्ये त्यातले काही हिशेब सोडवू. नुसतं ‘सोळा इंची बसतील का’ असं पाठवू नका हं, त्याचं उत्तर मला देता येत नाही.